विद्याधरचा भार

रविवारची दुपार. वरणभात अंगावर आलाय, पंखा फिरतोय, हेमांगीचा डोळा लागतोय न लागतोय, तोच कॉटशी नवरा उभा. विद्याधरला जाऊन वर्ष होत आलं, आणि हा गडी इस्त्रीचा शर्ट घालून म्हणतोय, "ऊठ, टँगोला उशीर होतोय."

"आलास होय! बरं झालं बाई," म्हणत ती उठते, तर पायाखाली क्लासच्या हॉलची फरशी.

आता हे टँगो नाचाचं प्रकरण असं, की जवळच्या मिठीतही दोन तऱ्हा. एकीत दोघं छातीला छाती टेकवून एकमेकांवर झुकतात. दोघांत मिळून एकच तोल. एक सरकला की दुसरा आडवा. दुसरीत मिठी तशीच, पण ज्यानं त्यानं आपल्या पायांवर ताठ उभं राहायचं. या जोडप्यानं निवृत्तीनंतर पहिलीच तऱ्हा उचलली. ताठ नाचणाऱ्यांना विद्याधर 'खांब' म्हणायचा.

"गेल्या रविवारी क्लासमधल्या परांजप्यांबरोबर नाचले रे," हेमांगी सांगते. "सवयीनं अशी रेलले, की ते बिचारे मागे सरले आणि मी तोंडावर! लाज गेली नुसती. आज त्यांनी परत बोलावलंय. आपल्या पायांवर कसं उभं राहायचं तेवढं शिकव, नाहीतर नाच सुटला माझा."

तो तिला मिठीत घेतो. आणि अगं बाई, हा तर ताठ! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची गेली की.

"जमलं की तुला! कसं केलंस?"

"काही केलं नाही गं. भारच उरला नाही माझ्यात. झुकणार कशानं?"

वळताना हॉलच्या भिंती हिरव्या होतात. हा तर हॉस्पिटलचा पॅसेज, विद्याधर शेवटी होता तिथला. बाकावर थर्मास धरून कुणी पेंगतंय. दोघं तिथेच नाचत राहतात.

"मग शिकवणार कोण मला?"

"मला नाही येत, हेमा."

तिला रडू फुटतं. "मग टेकू तरी दे. एकदाच."

"पडशील."

"पडू दे!"

ती सगळं अंग त्याच्यावर टाकते. समोर कुणीच नसतं.

जाग येते तेव्हा ती कॉटखाली आहे, गुडघा ठणकतोय. पण हात जातो तो उजव्या कानशिलाकडे. तिथे एक बारीक, आडवा खळगा. नाचताना विद्याधरच्या चष्म्याची काडी इथेच रुतायची. घरी येईपर्यंत वळ असायचा. हेमांगी स्वतः चष्मा लावत नाही.

तो बुजू नये म्हणून ती त्यावर बोट दाबून धरते. चहाची वेळ टळते, क्लासचीही. परांजप्यांचा फोन वाजून थांबतो. ती उठत नाही. कानशिलावर खळगा अजून आहे, पण आता तो तिच्याच बोटाचा.