सासूबाईंनी वादळ आवरलं

आमच्या बेटावर माझ्या सासूबाईंना सगळे फडकं आजी म्हणतात. खांद्यावर कायम एक फडकं, आणि नजर दुसऱ्याच्या घरातल्या जळमटांवर. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांनी मला पहिलं काय विचारलं असेल? जेवलीस का? छे! "पाय पुसलेस का?"

तर चक्रीवादळाने आमचं छप्पर नेलं, मागची भिंत पाडली आणि कोंबड्यांचं खुराडं कुठे नेऊन टाकलं देव जाणे. आम्ही दोघी आणि माझं तान्हं पोर शाळेच्या पक्क्या खोलीत होतो म्हणून वाचलो. नवरा पलीकडच्या किनाऱ्यावर बर्फाच्या कारखान्यात कामाला. फोन बंद, लाँच बंद. म्हणजे जे काही करायचं ते आम्ही दोघींनीच. परत येऊन मी विटांच्या ढिगावर डोक्याला हात लावून बसले, तर सासूबाईंनी माझ्या हातात झाडू दिला.

"ऊठ. मदतवाले येतील आता. परक्या माणसांना काय हे असं दाखवायचं?"

आणि आवरलं हो बाईंनी! खोटं कशाला बोलू? पडलेल्या विटा रचून ओटा केला, त्यावर डबे मांडले. भिंत नव्हती तिथे छान चुण्या घालून चादरी सोडल्या. वर जुन्या होडीचं शीड ताणलं, आणि ते मळकट शीड खालून दिसू नये म्हणून त्याच्याखाली माझी नवी कोरी, फुलाफुलांची चादर बांधली. मला विचारलंसुद्धा नाही! पुढचं दार तेवढं शाबूत होतं. एकदा मी मागची चादर सारून आत आले, तर म्हणतात कशा, "चोरासारखी काय येतेस? दार आहे ना घराला?"

मग एकदाची मदतीची लाँच आली. धक्क्यावर पाण्याचे कॅन उतरले, ताडपत्र्या उतरल्या. एक साहेब घरोघर बघत निघाले. ज्याचं छप्पर गेलं त्याला ताडपत्री, सरळ मामला. शेजारणीचं फक्त स्वयंपाकघर पडलं होतं. पण तिने घरातली झाडून सगळी भांडी अंगणात पसरली आणि मधोमध बसून असा काही गळा काढला की साहेबांनीच तिला पाणी पाजलं. तिला ताडपत्र्या मिळाल्या दोन.

आमच्याकडे साहेबांनी दार वाजवलं. सासूबाईंनी आधी त्यांना पाय पुसायला लावले, मग बसवलं, मग चहा दिला. साहेब वर बघत म्हणाले, "वा आजी, घर बरं वाचलं तुमचं. छतही छान सजवलंय."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी उघडलेलं तोंड मिटलं.

"काही हवं-नको?" साहेबांनी विचारलं.

"आम्हाला काय धाड भरलीय? त्या शेजारणीकडे बघा हो, बिचारीचे फार हाल."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. साहेब चहा संपवून निघालेसुद्धा. बाहेर आभाळ काळंकुट्ट झालं होतं. पोराची छाती भरलेली, सारखं खोकत होतं. धक्क्यावर लाँचवाला भोंगा वाजवत सुटला होता, आणि लाँच पुन्हा कधी येणार ते त्यालाही सांगता येत नव्हतं. ताडपत्री परत गेली असती तर माझ्या पोराच्या डोक्यावर ते सतरा ठिकाणी फाटलेलं शीड आणि फुलाफुलांची चादर!

मी पोराला उचललं आणि धावले. "साहेब, आमचं छप्पर गेलंय!"

साहेब हसले. "ताई, तुमच्या छपराखाली मी आत्ताच चहा प्यालो."

"अहो, ते छप्पर नाही, चादर आहे ती!"

त्यांचा विश्वास बसेना. मग मी काय ऐकते? एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात साहेबांचं मनगट, अशी ओढत घेऊन आले त्यांना.

सासूबाई दारात आडव्या. "आता काय? चहात साखर कमी पडली का?"

"आई, बाजूला व्हा," मी म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच असं बोलले, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं. पोर त्यांच्या हातात दिलं आणि कामाला लागले. मागच्या चादरी ओढल्या. फुलाफुलांची चादर ओढली. डबे धडाधड खाली आले. एका डब्याला तर मी काही गरज नसताना लाथ मारली. शेवटी दोरी सोडली आणि शीड सरसरत खाली आलं.

"अरे बापरे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी लगेच माणसाला ताडपत्री आणायला पिटाळलं.

मी मोठ्या तोऱ्यात वळले. सासूबाई पोराला छातीशी धरून वर बघत होत्या. वर एक वासा उरला नव्हता. मागे भिंतीच्या जागी थेट समुद्र दिसत होता.

"एवढं सगळं गेलं का गं?" त्यांनी विचारलं.

वादळ झाल्यापासून ही बाई रोज याच घरात झाडू मारत होती, आणि घर तिने आत्ता बघितलं. माझा सगळा तोरा उतरला. मला त्या डब्याला मारलेल्या लाथेचीसुद्धा लाज वाटली.

"हो आई. सगळंच गेलं."

"तुझ्या सासऱ्यांनी एकेक वासा स्वतः वर चढवला होता गं," म्हणाल्या, आणि मटकन धुळीतच बसल्या. परक्या माणसांसमोर, मोठ्याने रडायला लागल्या. ते बघून पोर रडायला लागलं, मग मी. साहेबांना कुठे बघावं तेच कळेना.

थेंब पडायला लागले तशी ताडपत्री आली. साहेब, लाँचवाला, शेजारीण, सगळे दोऱ्या बांधायला धावले. मी सासूबाईंना उठवायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण उठल्या नाहीत.

"थांब गं," म्हणाल्या. "अजून जरा रडू दे मला."

मग मीही त्यांच्याजवळ खाली बसले.