ज्यानं काढला, त्यानंच लावायचा

आमच्या बाबाले मोतीबिंदू झाला होता, तरी ते गाडी चालवून राहिले होते. घरातलं सगळं भांडण एवढंच. जन्मभर स्टील प्लांटच्या भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, पण डोळ्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं की त्याले कुठंतरी जायचं आठवे. आधी आपल्याच गेटचा खांब घासला. मग सेक्टर १० च्या वळणावर एक सायकलवाला थोडक्यात वाचला. "त्याले दिसून नाई राहिलं होतं," बाबा म्हणे. म्हणजे सायकलवाल्याले! राग होताच, पण त्याहून जास्त मले भेव वाटून राहिलं होतं.

त्या रविवारी त्यांले रसमड्याले जायचं होतं, जुन्या दोस्ताकडे. एकटं, हायवेनं. आईनं अडवलं तर नाहीच, उलट पोहे करून दिले. मले आईचाच राग आला.

गाडी जुनी, माझ्या लग्नाच्याही आधीची. बाबांनी चाबी फिरवली. सेल्फ घरघर फिरला, पण गाडी काही चालू होईना. पुन्हा फिरवली. तेच.

बाबा माणसांवर चिडतात, मशीनवर कधी नाही. "सेल्फ जोरात फिरून राहिला, म्हणजे बॅटरी ठीक हाय," ते शांतपणे म्हणाले. "पेट्रोल कालच भरलं. तू बस इथं. चाबी अर्धीच फिरव, सेल्फ नको मारू."

मी समोर बसली, ते मागच्या सीटवर कान लावून. अर्ध्या चाबीवर मागं पेट्रोलचा पंप जरासा गुणगुणते. आज मागं काहीच नाही.

"पंपाले करंट नाई," म्हणत त्यांनी स्टिअरिंगखालचं फ्यूजचं झाकण काढलं. दिसत तर काय होतं, कपाळ! बोटानं चाचपत गेले अन् एका जागी थांबले. पंपाच्या फ्यूजची जागा रिकामी होती.

प्लांटातली ही रीत आमच्या घरात सगळ्यांले पाठ. मशीनमध्ये माणूस उतरणार असला, की आधी शटडाऊन घ्यायचा, म्हणजे तिचा फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवायचा. ज्यानं काढला, त्यानंच लावायचा. साहेब आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. अन् लावायच्या आधी विचारायचं, सगळे माणसं बाहेर आले का? आम्ही गावाले गेलो, की बाबा गाडीचाही शटडाऊन घेत. शर्टाच्या खिशातला तो फ्यूज आईले धुण्यात कितीदा तरी सापडला होता.

बाबा सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेले. मी मागं मागं. आई वांगे चिरत होती.

"शटडाऊन तू घेतला?"

"हो."

"कावून?"

"काम हाय. तुमच्या डोळ्याचं." तिनं कमरेचा बटवा थोपटला, मान वर केली नाही.

मले वाटलं, झालं, आता घर डोक्यावर घेतात. असा फ्यूज नेहरू नगरच्या कोणत्याही दुकानात मिळते, हे बाबाले का माहीत नव्हतं? पण ते परत गेले, झाकण लावलं, चाबी खिळ्याले अडकवली अन् दोस्ताले फोन केला. "आज येणं नाई जमत गा. गाडी शटडाऊनमध्ये हाय."

मले हसू आलं अन् रडूही आलं.

ऑपरेशन झालं. पुढं डॉक्टरनं गाडी चालवायले हो म्हटलं, त्या सकाळी आई बटवा घेऊन गाडीत वाकली. बाबा बाजूले उभे, ड्युटीवर असल्यासारखे ताठ.

"सगळे माणसं बाहेर आले?" त्यांनी विचारलं.

आई हसली नाही.

"एकच होता," ती म्हणाली. "आला."

अन् तिनं फ्यूज दाबून बसवला.