आकसलेली दोरी

फक्कीमास्तरांनी गेली एकतीस वर्षं अख्ख्या शहराला चुना लावला, आणि एकानेही तक्रार केली नाही. हा विनोद त्यांचा स्वतःचा. समोरचा हसेपर्यंत ते तो पुन्हा पुन्हा सांगत, म्हणून लोक पहिल्यांदाच हसून घेत. ते स्टेडियमवर मैदान आखायचे. चुन्याची फक्की भरलेला चाकांचा डबा, दोन खुंट्या आणि गाठी मारलेली एक सुती दोरी, एवढाच त्यांचा संसार. पेनल्टीच्या ठिपक्याला एक गाठ, मधल्या वर्तुळाला दुसरी, मोठ्या चौकटीला तिसरी. टेप वगैरे भानगड नाही. दोरी ताणायची आणि डबा ढकलायचा.

यंदा मात्र मामला साधा नव्हता. फुटबॉलच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या विभागीय पात्रता फेरीचा सामना याच मैदानावर ठरला होता. शेजारच्या देशाचा संघ येणार, जिंकणारा पुढे जाणार. स्टेडियमचे साहेब इतके हबकले, की त्यांनी एका ठेकेदाराचं आखणीचं यंत्रच मागवून ठेवलं. ते शेडमध्ये प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून बसलं होतं.

मास्तरांना ते बघून कसंसंच झालं. निवृत्तीला चार महिने उरले होते. म्हणजे एकतीस वर्षं शाळांच्या शर्यती आखायच्या आणि खरा सामना आला की बाजूला उभं राहून यंत्राची गंमत बघायची.

"साहेब, आखणी मीच करणार," ते म्हणाले. "चार वाजता तपासणीच्या बाई येतील. एक बोट जरी इकडेतिकडे निघालं, तर डबा मी आपणहून खाली ठेवीन. मग आणा तुमचं यंत्र."

साहेबांनी मान डोलावली. बोलून बसले खरे मास्तर.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला ते कामाला लागले. बाराच्या सुमारास आखणी पूर्ण झाली आणि मैदान असं देखणं दिसायला लागलं, की मास्तर स्वतःवरच खूश झाले. खुशीत ते पेनल्टीच्या ठिपक्यापासून गोलरेषेपर्यंत चालत गेले. ही त्यांची सवय होती. चौदा पावलं, आणि वर एक चप्पल. एकतीस वर्षांत यात फरक नाही.

आज चौदा पावलं झाली आणि पुढे रेषा आली. चप्पल ठेवायला जागाच नव्हती.

ते परत गेले, परत चालले. चौदाच. दुसऱ्या टोकाला तोच प्रकार. पाय म्हातारे झाले की डोळे, काही कळेना.

तेवढ्यात बायको जेवणाचा डबा घेऊन आली. ती शाळांचे गणवेश शिवायची. गळ्यात शिवणाचा दीड मीटरचा टेप तसाच लोंबत होता. नवऱ्याचा चेहरा बघून तिने डबा गवतावर ठेवला.

"काय झालं हो?"

"अगं, माझी पावलं लांब पडायला लागलीत."

तिने दोरीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "परवा धुतली मी ती."

"काय धुतलीस?"

"दोरी. परदेशातून माणसं यायची, आणि तुमची दोरी ही अशी मळकट. म्हटलं, चार लोकांत शोभा नको. गरम पाण्यात सोडा घालून उकळली. म्हणूनच आज पांढरी दिसतेय ना."

मास्तर गवतावरच बसले. सुती दोरी, आणि उकळलेली. आकसणार नाही तर काय होणार? चिडावं असं त्यांना फार वाटलं, पण ती बिचारी इतकी ओशाळली होती, की राग आला तसाच विरून गेला.

"कापड शिवायच्या आधी भिजवून घ्या म्हणून गिऱ्हाइकांना सांगते," ती म्हणाली, "आणि घरात मीच विसरले. आता उठा. साडेतीन तास आहेत." तिने गळ्यातला टेप काढला. "मापं सांगा."

मास्तर सांगत गेले, ती दोरीवर टेप लावत गेली. अकरा मीटर म्हणजे सात टेप आणि वर पन्नास सेंटिमीटर. मोठ्या चौकटीला बरोबर अकरा टेप. "हे गिऱ्हाईक जरा आडव्या अंगाचं दिसतंय," ती पुटपुटली. प्रत्येक मापावर तिने लाल दोऱ्याचा टाका घातला. मग दोघांनी चुकलेल्या रेषा केरसुणीने झाडून काढल्या, ओल्या पोत्याने पुसल्या आणि नव्याने मारल्या. जेवणाचा डबा तसाच गार झाला.

तपासणीच्या बाई चारला आल्या. सोबत पोलादी टेप आणि न हसणारा चेहरा. त्यांनी ठिपका मोजला. पुन्हा मोजला.

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि कागद पुढे केला. "आखणी करणाऱ्याचं नाव इथे लिहा."

मास्तरांनी पेन घेतलं आणि विचारलं, "दोन नावं चालतील का?"

बाईंनी त्या दोघांच्या चुन्याने माखलेल्या हातांकडे बघितलं. "बारीक अक्षरात लिहा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना पुढच्या रांगेत बसवलं. यंत्र शेडमध्येच राहिलं. सामना संपायला दोन मिनिटं असताना आपल्या संघाला पेनल्टी मिळाली. सगळं स्टेडियम उभं राहिलं. सगळे खेळाडूकडे बघत होते, ही दोघं मात्र त्या पांढऱ्या ठिपक्याकडे.

चेंडू जाळ्यात गेला. आपण पुढच्या फेरीत पोचलो. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि त्या गोंधळात मास्तर बायकोच्या कानाशी वाकले.

"चौदा पावलं," ते म्हणाले.

"आणि वर एक चप्पल," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.