सोंग म्हणायचं, सोंग

पोशेऱ्याचा म्हातारा गेला, तेव्हा शोकसभेचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. पत्रकं लिहिणं हाच माझा उद्योग. मी पहिली ओळ लिहिली, "सोंगं करणारा गेला."

सभेचे अध्यक्ष आमचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी ती लाल पेनाने खोडली आणि वर लिहिलं, "ज्येष्ठ मुखवटा-शिल्पकार". का, विचारलं तर म्हणाले, "अगं, पेपरात जाणार हे. वाचणाऱ्याला वाटेल, ढोंगी माणूस होता."

वाटू दे! आमच्याकडे बोहाड्यात, म्हणजे गावच्या जत्रेत, जो मुखवटा चढवून नाचतात त्याला सोंग म्हणतात. गणपतीचं सोंग, रावणाचं सोंग. म्हातारा जन्मभर तेच करत आला, तोच शब्द बोलत आला. पुस्तकात त्याचा अर्थ खोटेपणा असेल तर पुस्तक सुधारा. मेलेला माणूस कशाला सुधारताय?

मला लिहायला त्याने शिकवलं, आणि त्याला स्वतःला सही तेवढी यायची. वाटून उरलेली पत्रकं मी त्याला नेऊन द्यायचे. मातीच्या साच्यावर चिंचोक्याची खळ लावून तो त्यांचे थर चढवायचा. एकदा म्हणाला, "पोरी, कागद चांगला हाय तुझा. पण उरतो कसा इतका? लोकं घेत नाय?"

मला राग आला. पाड्यावरची शाळा बंद पडू नये म्हणून मी तीन दिवस त्या पत्रकावर खपले होते.

"वाच बरं," म्हणाला. मी तोंड उघडणार तोच त्याने एक कोरं सोंग माझ्या डोक्यावरून खाली ओढलं. "रंग नाय अजून, म्हणजे देव नाय यात. आता वाच."

"शासनाच्या या अन्यायकारक व जनविरोधी धोरणाचा तीव्र निषेध करीत आम्ही सर्व ग्रामस्थ, पालक व..." आत खळीचा आंबूस वास आणि माझाच गरम श्वास डोळ्यांवर. क्रियापद येईपर्यंत मला धाप लागली. म्हातारा मांडीवर थापा मारून हसत होता.

"लोकं बाहेरून बघतात. पण नाचणाऱ्याला आतून दम लागतो ना! मी नाकाशी भोक ठेवतो. तू कुठे ठेवलंस?"

त्यानंतर प्रत्येक पत्रक मी त्याच्या ओट्यावर बसून, सोंग घालून वाचलं. दम तुटला की वाक्य तोडायचं. पुढे खोडाळ्याच्या बाजारात एक भाजीवाली माझं पत्रक दुसरीला मोठ्याने वाचून दाखवत होती. धावत त्याला सांगायला गेले. तर म्हणतो कसा, "मग आता मी कागद कुठून आणू?"

शोकसभा मोखाड्यात होती, सकाळी. सुधारलेलं पत्रक हेडमास्तरांनी मलाच वाचायला दिलं. मी म्हातारीला, म्हणजे त्याच्या बायकोला, आधीच विचारून ठेवलं होतं. रंगाविना राहिलेलं त्याचं शेवटचं सोंग पिशवीतून काढलं, चढवलं आणि वाचू लागले.

"लोककलेच्या समृद्ध परंपरेचे जतन व संवर्धन करणारे ज्येष्ठ मुखवटा-शिल्पकार यांच्या दुःखद निधनामुळे निर्माण झालेली कधीही भरून न..."

तिथे खोकला आला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

हेडमास्तर ताडकन उठले. "काय गं हे सोंग घेतलंयस!"

मग पहिल्या रांगेतून म्हातारी म्हणाली, "आलं ना गुरुजी तोंडात?"

सगळी सभा हसली. मीही हसले, आत, आणि तिथेच रडूही आलं. ते कोणाला दिसलं नाही, बरं झालं. सोंग उतरवलं आणि माझी ओळ म्हटली. "सोंगं करणारा गेला." तीन शब्द. दम पुरला.

पेपरात "मुखवटा-शिल्पकार" असंच छापून आलं. येऊ दे. मी माझं पत्रक वेगळं छापलं, पहिली ओळ तीच ठेवली, आणि मोखाड्याच्या, खोडाळ्याच्या, जव्हारच्या बाजारात हातोहात वाटलं. फक्त एक गठ्ठा मुद्दाम मागे ठेवला. तो त्याच्या पुतण्याला दिला. आता सोंगं तोच करतो.

"पहिला थर याचाच दे," मी म्हटलं. "छापलेली बाजू आत. नाचणाऱ्याच्या तोंडासमोर."