बत्तीस नंबर

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा रिहे गावच्या आमच्या घरी कराव्या लागणाऱ्या सगळ्या कामांची यादी मीच केली होती. मी थोरली, पौडला शाळेत नोकरी, आणि यादीशिवाय मला काम सुचत नाही. डॉक्टर, औषधं, बैलांचा कडबा, भाताचं बी. सर्वांत खाली लिहिलं होतं, मृत्युपत्र.

तो विषय आबांनीच काढला होता. धाकट्या बहिणीला नवऱ्याने टाकलं होतं, तेव्हापासून ती माहेरीच होती. आईमागे आबांचं जेवणखाण, अंघोळ, हगणंमुतणं सगळं तिने केलं. आम्हा दोघींच्या मधला भाऊ शेती बघायचा. आबांचं म्हणणं एवढंच होतं, की बाकी सगळं मुलाला, पण ओढ्याकाठचं भाताचं खाचर धाकटीच्या नावावर व्हावं.

"उद्या कुनी ऊठ म्हनलं, तर पाय ठिवाया तिची जागा पायजे," ते म्हणाले.

मी पाटावर कागद ठेवून लिहायला बसले. आबा सांगू लागले, वरच्या बांधाला जांभूळ, खालच्या अंगाला ओढा, उगवतीला चुलत्याचं खाचर, मावळतीला गाडीवाट. जांभूळ कुणी लावली तेही सांगू लागले. मला पाचची एसटी गाठायची होती.

"आबा, एवढं पाल्हाळ नको. नंबर लिहिला की कागद पक्का."

ट्रंकेतल्या शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या काढून मी नंबर उतरवून घेतला, सर्व्हे नंबर बत्तीस. दोन शेजारी साक्षीला बोलावले, आबांचा अंगठा घेतला आणि यादीतल्या त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. आबा काहीतरी राहिलं असल्यासारखे कागदाकडे बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं.

दोन महिन्यांनी ते गेले. तेरावं झाल्यावर मी कागद घेऊन तलाठ्याकडे गेले. त्याने वही उघडली, पानं उलटली आणि म्हणाला, "बाई, हा नंबर तुमच्या वडलांचा नाही."

काही वर्षांपूर्वी गावात जमिनींचं एकत्रीकरण झालं होतं. जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले होते. आमच्या खाचराला आता भलताच नंबर होता, आणि बत्तीस नंबर म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा दुसऱ्या कुणाचा तरी खडकाळ माळ. मी उतरवून घेतलेल्या पावत्या त्याआधीच्या होत्या.

भावाने हरकत घेतली. पौडला सर्कलसाहेबांपुढे सुनावणी झाली. साहेब माणूस बरा होता. त्याने कागद दोनदा वाचला. चतुःसीमा लिहिल्या असत्या तर नंबर चुकला तरी जमीन ओळखता आली असती, असं तो म्हणाला. मी मान वर केली नाही. मग त्याने भावाला विचारलं, वडलांच्या मनात ओढ्याकाठचंच खाचर होतं का? हो म्हणालास तर तशी नोंद घेतो.

भावाने आपल्या चपलांकडे बघितलं. आबा सांगत होते तेव्हा तो उंबऱ्यातच बसला होता.

"मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "कागदात आसंल त्ये खरं."

बाहेर आल्यावर भावजय मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मामंजींनी लेकीला दिलं खरं, पर लोकाच्या माळातलं."

मृत्युपत्र बाजूला पडलं, वारस म्हणून तिघांची नावं लागली. मग भाऊ आम्हा बहिणींसाठी हक्कसोडीचा कागद घेऊन आला. मी सही करणार नव्हते. पुण्याच्या कोर्टात दावा लावायचा असं ठरवून मी नवी यादी केली. वकील, दोन्ही साक्षीदार, जुना नकाशा, तलाठ्याचा दाखला. ती धाकटीला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती.

"आक्का, तू जाशील पौडला," ती म्हणाली. "मला हितंच ऱ्हायाचंय. त्याच्यावर खटला घालून त्याच्याच घरात भाकर कशी खाऊ?"

मी म्हणाले, माझ्याकडे येऊन राहा.

"तुज्याकडं पावनीच की मी."

मग तिने माझ्या सहीसाठी माझीच विनवणी केली. मी सही केली नाही, तर राग तिच्यावर निघणार होता. आम्ही दोघींनी सह्या केल्या. ती चौथीपर्यंत शिकली होती. तिने नाव सावकाश, एकेक अक्षर नीट काढून लिहिलं आणि बरोबर आलं का, म्हणून मला विचारलं.

पुढच्या आषाढात मी रविवारी लावणीला मदत म्हणून गेले. भाऊ बांधावर उभा राहून बायकांना कामं वाटून देत होता.

"आदी धाकटीचं खाचर उरका," तो म्हणाला, "मग वरल्याकडं जावा."

कुणी वर बघितलं नाही. तो स्वतःही पुढे नांगराबद्दल बोलू लागला. घरात त्या तुकड्याला सगळे तसंच म्हणत होते, आबा गेल्यावरही, कागद झाल्यावरही. माझ्या तोंडाशी आलं, हे साहेबापुढे एकदा म्हणाला असतास.

धाकटीने ऐकलं होतं. रोपांच्या मुठी घेऊन ती चिखलात उतरली होती. तिने माझ्याकडे बघून जरा मान हलवली, नको म्हणून, आणि वाकून पहिलं रोप लावलं. मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी उतरले.