चारशे सतरा नंबर कोण पाठवतं

मावशी हॉस्पिटलची वेबसाइट सांभाळते, मी तिच्या शेजारी बसून शिकते. कॉम्प्युटरशी ती नाकातून बोलते, जणू तो तिचा आळशी दीर आहे. "काय हो भाऊजी, नंबर कोण सांगणार, तुमचे तीर्थरूप?"

जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत काम करणाऱ्या तुकड्याला मेथड म्हणतात. मेथडला नुसतं काम सांगून भागत नाही, कोणाचं काम तेही कंसात लिहून द्यावं लागतं. त्याला पॅरामीटर म्हणतात. ऑपरेशनच्या यादीत प्रत्येक नावापुढे 'रद्द करा' बटण आहे. बटणाने त्या ओळीचा नंबर पाठवायचा. मावशीने घाईत कंस रिकामाच ठेवला होता. पानामागे माहिती साठवणारा बीन असतो, त्यात शेवटचा निवडलेला नंबर पडलेला असायचा, मेथड तोच उचलायची. चार वर्षं कोणाचं अडलं नाही.

मग चारशे सतरा नंबरचं ऑपरेशन दुपारी सव्वाबाराला आपोआप रद्द होऊ लागलं. सात वर्षांची मुलगी, हृदयाला भोक. तीनदा उपाशीपोटी घरी गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुधवारी नाही झालं, तर पुढचं मी सांगू शकत नाही."

मावशीने नोंदी उघडल्या. हुकूम यायचा नोंदणी खोलीतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून. तिथे बसणारे चष्मेवाले कारकून महिन्यापूर्वी वारले. त्यांचं लॉगिन कोणी बंदच केलं नव्हतं. चारशे सतरा तेव्हा त्यांचाच नंबर होता, नंतर तो मुलीला मिळाला. "मला काय धाड भरलीय," म्हणत त्यांनी स्वतःचं ऑपरेशन रद्द केलं होतं. सव्वाबाराला, डबा उघडायच्या आधी.

"पान रोज तेव्हा स्वतःच ताजं होतं, मेला तोच हुकूम परत जातो," मावशी म्हणाली आणि त्या कॉम्प्युटरची वायरच काढून घेऊन आली.

"म्हणजे संपलं ना?" मी विचारलं.

"संपायला हवं गं."

तरी तिने कंसात ओळीचा नंबर घातला आणि बीनमधला साठा पुसून टाकला. नंबर आला नाही, तर मेथडने कोणालाच हात लावायचा नाही.

बुधवारी मुलगी आत टेबलावर होती. सव्वाबाराला पडद्यावर नोंद उमटली, त्याच कोपऱ्यातली. 'रद्द करा. नंबर: नाही.' वायर आमच्या पुढ्यात वेटोळं घालून पडली होती.

यादीत चारशे सतरा जागच्या जागी राहिला. मावशी नाकातून बोलली नाही. हळूच म्हणाली, "झालं आता. जेवून घ्या, दादा."

तीन वाजता डॉक्टरीणबाईंचा फोन आला, मुलगी शुद्धीवर आलीय म्हणून.

नोंद अजून रोज येते, रिकाम्या हाताने. मावशी तेवढा वेळ मला गप्प बसवते.