जावयाने आणलेलं पीट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे कुणी हसलं की माझी लिंक तुटते. आमच्या बेला गावात ही गोष्ट केव्हाच फुटली आहे, पण खरी काय ती माझ्याकडून ऐका.

जावई आमचा वांकिडीचा, पण कामाला स्कॉटलंडमध्ये, एका छोट्याशा व्हिस्कीच्या भट्टीत. दारूचं नाव नको म्हणून गावात मी आपलं ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगायचो. हे त्याला लागलं असावं. लग्नानंतर पहिल्यांदा आला तो तीन बाटल्या घेऊनच.

“मामाजी, माह्या हातचं काम चाखून पाहा. मंग काय ते बोला.”

मोबाइलवर भट्टी दाखवली. खोलीएवढे दोन तांब्याचे हंडे, वर लांब मान, बाजूला ओढा. कामाला माणसं चार. जव आणि पाणी, मग लाकडी पिंपात भरून बारा वर्षं नुसतं थांबायचं. इथे कापूस दोन महिने घरात ठेवायचा तर माझा जीव वरखाली होतो!

पहिली चाखली, मधासारखी. दुसरीला अंगणात वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा वास. घोट केव्हाच पोटात गेला, चव काही जाईना.

“तिसरी संध्याकाळी,” जावई म्हणाला. “तिच्यातल्या जवाले पीटचा धूर देतेत. आदी पीट दाखवतो, मंग घोट.” पिशवीतून एक तपकिरी, भुसभुशीत ढेकूळ काढून फळीवर ठेवलं आणि माझ्या मुलीला घेऊन शेत पाहायला गेला.

आता मला सांगा, आमच्याकडे पिठालाही पीटच म्हणतात, मग मी काय समजणार? जवाचं पीठ, प्रवासात ओल लागून घट्ट झालेलं. धूर म्हणजे भाकरी भाजतानाचा. पोराला तिकडची भाकर खावीशी वाटली असेल!

बायको म्हणाली, “माती दिसते हे.”

“तिकडचं धान्य काळंच असते.”

“थापल्या जाऊन नाही राह्यलं.”

“ज्वारीचं मिसळ.”

भाकरी तव्यावर पडली आणि घरभर धूर झाला. जावयाला वाढण्याआधी चाखावी म्हणून अर्धी मीच खाल्ली. कचकच लागत होती, पण परदेशी वस्तूला नावं कशी ठेवणार?

तेवढ्यात जावई फाटकातून धावतच आला. चेहरा नुसता फुललेला.

“मामाजी, भट्टीचा वास येऊन राह्यला. पीट पेटवलं का?”

“पेटवीन काऊन? भाजलं.” मी ताट पुढे केलं. “घ्या, गरम हाय.”

तो ताटाकडे बघत खालीच बसला. “मामाजी, हे दलदलीतली माती हाय. वाळवून जाळतेत. आपली गोवरी असते ना, तसं.”

घास माझ्या तोंडातच होता. गिळला. काय करता?

त्याने तिसरी ओतली. मी घोट घेतला आणि अंगावर काटा आला. तोच धूर, तीच माती, पण मागून अशी गोड की डोळे भरून आले. मातीचं एवढं सोनं होतं?

“जावईबापू, हे तुमी करता? उद्या चावडीवर सांगतो, जावई भट्टीत हाय म्हणून.”

जावई हसायला लागला. “भट्टी पाहाले लय लोक येतेत, मामाजी. पीट खाऊन व्हिस्की समजणारे तुमीच पयले.”

आतून बायकोचा आवाज आला. “अजून दोन भाकरी हायेत. वाढू का?”